होडीवरचा जीपीएस

सुपे हा कोरड्या माळांचा मुलूख. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे आणि सुपे ही नावं जोडीनं यायची. आज बारामती तालुक्याचा हा कोपरा ओळखला जातो तो पर्जन्यछायेमुळे आणि उन्हाळ्यातल्या टँकरमुळे. इथं कुणी होडीवरच्या जीपीएसची गोष्ट काढली, तर पारावरची माणसं आधी आभाळाकडे आणि मग बोलणाऱ्याकडे पाहतील. पण बारामतीमार्गे भिगवण गाठलं की चित्र पालटतं. समोर उजनी धरणाचा फुगवटा असतो. पैलतीर धूसर, मध्ये मासेमारीच्या होड्या आणि हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे. पक्षी दाखवायला कुंभारगाव, डिकसळहून होड्या निघतात. पलीकडच्या करमाळा तालुक्यात जायचं तर रस्त्यानं मोठा वळसा पडतो, म्हणून माणसं पाण्यावरून जातात.

हे पाणी समुद्रापेक्षा एका बाबतीत जास्त फसवं आहे. समुद्राचा किनारा भरती-ओहोटीनं हलतो, पण ती कधी येणार ते आधीपासून ठरलेलं असतं. उजनीचा काठ मात्र पाऊस आणि कालवे मिळून ठरवतात. 1980 साली पुऱ्या झालेल्या या धरणात सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं आणि त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत धरला जातो. जिवंत साठा संपला की धरण ‘मायनसमध्ये’ जातं. 2024च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. अशा वेळी पळसदेवचं जुनं मंदिर पाण्यातून वर येतं, बुडालेल्या गावांच्या भिंती दिसू लागतात आणि जिथून दिवाळीत होडी बिनधास्त गेली तिथं मे महिन्यात चिखल असतो. मोबाइलवरच्या नकाशात मात्र तो सगळा भाग बारा महिने निळाच. खोलीचा तर त्यात पत्ताच नसतो.

म्हणून होडीवर जीपीएस बसवणं म्हणजे पेटी आणून बटण दाबणं, एवढ्यावर भागत नाही. पेटीला स्वतःचं ठिकाण कळतं. ते ठिकाण कुठल्या नकाशावर, कुठल्या मापात, कुठल्या घड्याळानं आणि कशासाठी हवं आहे, हे तिला कुणीतरी सांगावं लागतं. ते चुकीचं सांगितलं, तर पेटी चुकीचं उत्तर देईल आणि तेही दशांशाच्या तीन घरांपर्यंत, पूर्ण आत्मविश्वासानं.

ठिकाण कळतं कसं, ते थोडक्यात पाहू. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरतात आणि प्रत्येक जण सारखा सांगत असतो की मी अमुक जागी आहे आणि आत्ता अमुक वेळ झाली आहे. तो संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. प्रकाशाच्या वेगानं एका मायक्रोसेकंदात 300 मीटर कापले जातात, त्यामुळे घड्याळाची बारीकशी चूकही महागात पडते. पेटीतलं घड्याळ स्वस्तातलं असतं. म्हणून अक्षांश, रेखांश आणि उंची या तीन अज्ञातांत वेळेची चूक हे चौथं अज्ञात मिळवावं लागतं आणि किमान चार उपग्रह दिसावे लागतात. नवी किंवा महिनोन्‌महिने बंद असलेली पेटी पहिल्यांदा सुरू केली की तिला उपग्रहांची सगळी यादी नव्यानं उतरवून घ्यावी लागते. ती पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. दुकानातून आणलेला संच धक्क्यावर उभ्या होडीत, मोकळ्या आभाळाखाली पंधरा-वीस मिनिटं शांतपणे चालू ठेवावा, तो यासाठी. पहिल्याच मिनिटाला ‘सिग्नल नाही’ म्हणून पेटीला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

खरी गंमत अँटेनाच्या जागेपासून सुरू होते. उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की पत्र्याचं छप्परही त्याला पुरेसं अडवतं. फायबरमधून तो येतो. लोखंडातून, अंगाखांद्यावर ओल्या जाळ्यांचा ढीग घेतलेल्या टपातून किंवा माणसांच्या गर्दीतून येत नाही. अँटेनाला चारही बाजूंना क्षितिजापर्यंत आभाळ दिसायला हवं. तरीही ती डोलकाठीच्या टोकावर चढवण्याचा मोह टाळावा. होडी हेलकावे घेते तेव्हा टोक मीटर-मीटर झुलतं आणि पेटी त्या झुलण्यालाच होडीचा वेग समजते. रडार असेल तर त्याच्या झोताच्या वाटेत अँटेना नको आणि व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनापासून ती निदान एक मीटर दूर हवी. केबल ओढून ताणून बसवली, तर जोडणीपाशी ती कधीतरी निसटते, आणि निसटली हे कळलं नाही तर काय होतं, याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एका आलिशान जहाजाचं आहे.

जून 1995. ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं. बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची केबल जोडणीतून सुटली. पेटीनं तक्रार केली, पण ती केवढी? क्षणभर एक बारीक आवाज आणि पडद्याच्या कोपऱ्यात दोन छोटी इंग्रजी अक्षरं, ‘डीआर’. म्हणजे आता उपग्रह नाहीत, वेग आणि दिशा यांवरून अंदाज बांधतो आहे. सुकाणू सांभाळणारी स्वयंचलित यंत्रणा त्या अंदाजालाच खरं ठिकाण मानत राहिली. वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला ढकलत होते, त्याचा हिशेब कुणीच ठेवला नाही. चौतीस तासांहून अधिक काळ अधिकारी पाळीनं आले, पडद्यावरचे आकडे नकाशावर मांडत राहिले आणि समाधानानं निघून गेले. शेवटी 10 जूनच्या रात्री दीड हजार माणसांना घेऊन ते जहाज नॅनटुकेट बेटाजवळच्या वाळूत रुतलं. ठरल्या वाटेपासून ते 17 सागरी मैल भरकटलं होतं. खोली मोजणाऱ्या यंत्राची धोक्याची घंटा शून्य मीटरवर लावलेली होती, म्हणजे तळ लागल्यावरच वाजणारी! नशिबानं कुणालाही इजा झाली नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं या अपघाताची जी चिकित्सा केली, ती नौकानयनाच्या अभ्यासक्रमात आजही शिकवली जाते. एक ढिली केबल, एक न ऐकलेला आवाज आणि एक न बदललेला आकडा, एवढ्यावर हे घडलं.

विजेचं काम त्या मानानं सोपं. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज टाकावा आणि पेटीसाठी वेगळी तार ओढावी. इंजिनाला स्टार्टर मारताना दाब कोसळतो आणि एकाच तारेवरची पेटी नेमकी तेव्हाच बंद पडून पुन्हा सुरू होते. बारक्या, उघड्या होडीला हातात धरायचा संच बरा. त्यावर ‘आयपीएक्स 7’ असं लिहिलेलं असेल तर तो एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. मोबाइलही चालतो, पण ओल्या बोटांना त्याचा पडदा दाद देत नाही आणि त्याची बॅटरी नको तेव्हा संपते.

आता खरी मेख: नकाशाचा पाया. यासाठी दोनशे वर्षं मागं जावं लागेल. विल्यम लँबटननं 1802मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. दक्षिणोत्तर मोजत मोजत तो वर सरकत राहिला आणि जानेवारी 1823मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. पुढं काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. पृथ्वीचा आकार कसा धरायचा, याचं त्यानं 1830 साली ठरवलेलं गणित भारतीय नकाशांना दीर्घकाळ चिकटून राहिलं. जुन्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट्स त्याच पायावर आहेत. जीपीएस मात्र ‘डब्ल्यूजीएस 84’ नावाचा वेगळा, साऱ्या जगाला एकच असलेला पाया वापरतो. तेच शिवालय, तोच कळस, पण दोन पायांवर त्याचे अक्षांश-रेखांश वेगवेगळे येतात. पुणे जिल्ह्यात हा फरक शंभर मीटरांच्या वर जातो. मोकळ्या समुद्रात तो खपून जाईल. बुडालेल्या पुलाच्या कमानीजवळून होडी काढताना शंभर मीटर म्हणजे आख्खं आयुष्य. एक गोष्ट लँबटन आणि एव्हरेस्ट यांच्या बाजूनं सांगायलाच हवी. साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन, हिवतापात, जंगलं तुडवत केलेलं ते मोजमाप विलक्षण नेमकं होतं. चूक त्यांची नाही, दोन पायांची भेसळ करणाऱ्याची आहे. पेटीच्या सेटिंगमध्ये ‘डेटम’ म्हणून जो रकाना असतो तिथं डब्ल्यूजीएस 84 ठेवावं आणि हाती जुना कागद असेल तर त्याच्या कडेला छापलेला पाया आधी वाचावा.

याहून मोठा घोटाळा आकडे लिहिण्याच्या पद्धतीत होतो आणि तो रोज होतो. सुप्याचंच उदाहरण घेऊ. गाव साधारण 18 अंश 20 मिनिटं उत्तर, 74 अंश 22 मिनिटं पूर्व इथं आहे. एका अंशाची मिनिटं साठ, त्यामुळे दशांशात हेच ठिकाण 18.333 आणि 74.367 असं लिहिलं जाईल. आता कुणीतरी फोनवर ‘अठरा वीस, चौऱ्याहत्तर बावीस’ एवढंच सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं दशांशाच्या पद्धतीवर लावलेल्या पेटीत 18.20 आणि 74.22 टाकलं. पेटी काही कुरकुर करणार नाही. ती त्याला सुप्याहून वीसेक किलोमीटर नैर्ऋत्येला, पुरंदर तालुक्यात जेजुरी आणि नीरा यांच्या मधल्या टापूत नेऊन सोडेल. दर्याची रीत अंश आणि दशांश मिनिटांची आहे. कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1852 मीटर, आणि मिनिटाच्या हजाराव्या भागात जेमतेम दोन मीटर मावतात. गूगलवरून उचललेले आकडे दशांश अंशांत असतात. एका होडीवर, एका गावात, एका सोसायटीत सगळ्यांनी एकच पद्धत ठरवावी आणि ती पेटीशेजारी रंगानं लिहून ठेवावी, हा सल्ला फार साधा वाटतो, पण पाळणारे थोडे.

बाकीची सेटिंगं झटपट उरकता येतात. वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढं. मोजमाप समुद्रावर सागरी मैल आणि नॉट, धरणावर किलोमीटर. खोली मीटरमध्ये ठेवावी. कोकणातल्या जुन्या तांडेलांच्या तोंडी अजूनही ‘वाव’ असतो आणि फॅदमचं सेटिंग त्याच्या जवळ जातं, हे खरं. उत्तर खरी की चुंबकीय, या प्रश्नावर परदेशी पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. महाराष्ट्रात मात्र दोन्हींतला फरक जेमतेम एका अंशाच्या आत आहे, त्यामुळे आपल्याकडे त्यावर झोप उडवण्याचं कारण नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. उभ्या होडीचं तोंड कुठे आहे, हे जीपीएसला कळत नाही. त्याला ठिकाण बदललेलं कळतं आणि त्यावरून तो दिशा काढतो. होडी थांबली की बाण वेड्यासारखा फिरू लागतो, पेटी बिघडलेली नसते. चालत्या होडीतही वारा आडवा असेल, तर तोंड एकीकडे आणि प्रवास दुसरीकडे होतो. पेटी प्रवासाची दिशा सांगते. तोंडाची दिशा सांगायला साधं होकायंत्र लागतं आणि ते होडीत असलंच पाहिजे.

मोठ्या नौकेवर ही पेटी एकटी राहत नाही. तिचे आकडे रेडिओला, मासे शोधणाऱ्या यंत्राला, आसपासच्या नौकांना आपलं ठिकाण कळवणाऱ्या एआयएसला पुरवायचे असतात. ‘एनएमईए 0183’ नावाच्या जुन्या बोलीत हा व्यवहार चालतो. बोलणाऱ्या यंत्राची तार ऐकणाऱ्याच्या तारेला जोडायची आणि दोघांचा वेग जुळवायचा. साधारण यंत्रं 4800 वर बोलतात, एआयएस 38400 वर. वेग जुळला नाही तर दोन्ही यंत्रं धडधाकट असूनही पडदा कोरा राहतो आणि मेकॅनिक विनाकारण तारा बदलत बसतो. रेडिओला जीपीएस जोडण्याचा खरा फायदा संकटात कळतो. लाल बटण दाबलं की मदतीच्या हाकेबरोबर ठिकाणही आपोआप जातं. तार जोडलेली नसेल तर हाक जाते, पण पत्त्याशिवाय.

जुनी पेटी स्वस्तात मिळाली तर तारीख तपासावी. जीपीएस आठवडे मोजतो आणि मूळ संदेशात 1024 आठवड्यांपुरतीच जागा ठेवलेली होती. मोजणी जानेवारी 1980मध्ये सुरू झाली. ऑगस्ट 1999मध्ये आणि पुन्हा 6 एप्रिल 2019च्या मध्यरात्री ती शून्यावर आली. ज्यांचं सॉफ्टवेअर सुधारलेलं नव्हतं अशा पेट्या दोन दशकं मागची तारीख दाखवू लागल्या. पुढची पाळी नोव्हेंबर 2038मध्ये आहे.

नव्या संचात उपग्रहांची निवडही करता येते. मे 2000पर्यंत अमेरिका नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, ती काढल्यावर अचूकता एका रात्रीत शंभर मीटरांवरून दहा-वीस मीटरांवर आली. भारताची ‘गगन’ यंत्रणा जीसॅट उपग्रहांवरून दुरुस्त्या पाठवून ती आणखी सुधारते. जुन्या संचांच्या यादीत तिचं नाव नसतं, ‘वास’ हा अमेरिकी पर्याय चालू केला तरी चालतं. उपग्रहांच्या पानावर 40 किंवा 41 हा क्रमांक झळकला की गगनशी गाठ पडली असं समजावं. आपल्या स्वतःच्या ‘नाविक’चे उपग्रह 2013पासून चढू लागले, पण ते वेगळ्या लहरींवर बोलत असल्यानं जुन्या पेट्यांना ऐकू येत नव्हते. मे 2023मध्ये गेलेल्या एनव्हीएस-01 पासून नेहमीच्या लहरीवरही नाविक बोलू लागलं. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला मासेमारी नौकांसाठीची ट्रान्सपाँडर योजनाही सुरू झाली. तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख संच बसवायचे आहेत आणि त्यांतून मच्छीमाराला मोबाइलच्या टप्प्याबाहेरूनही संकटाचा निरोप पाठवता येतो. धरणातल्या होड्या या योजनेत नाहीत. असायला हव्यात, निदान प्रवासी होड्या तरी.

पेटी आलेली वाटही लक्षात ठेवते. 26 नोव्हेंबर 2008च्या मुंबई हल्ल्यातल्या ‘कुबेर’ या पोरबंदरच्या नौकेवर सापडलेल्या जीपीएसनं हे साऱ्या देशाला दाखवलं. त्यातल्या नोंदी एफबीआयच्या तज्ज्ञांनी वाचल्या आणि कराचीकडून मुंबईकडे येणारी वाट न्यायालयापुढे पुरावा म्हणून उभी राहिली. मच्छीमाराला याच नोंदीचा उपयोग वेगळा: रात्री धुक्यात गेल्या वाटेनंच परत येणं.

उजनीसारख्या पाण्यावर हा वाटेचा माग सोन्याच्या मोलाचा आहे, कारण इथं आयता नकाशा नाही, तो स्वतःच करावा लागतो. त्याला उत्तम महिना मे. पाणी उतरलेलं असताना उघड्या पडलेल्या भिंती, पुलांचे खांब, झाडांचे बुंधे, विहिरींचे काठ यांच्यापाशी जाऊन प्रत्येकाची खूण पेटीत साठवावी. नाव देताना नुसतं ‘दगड’ लिहून भागत नाही, त्या दिवशीची धरणाची पाणीपातळी आणि दगडाची पाण्यावरची उंचीही नावात घालावी. पातळी पाटबंधारे खात्याकडून रोज जाहीर होते. मग ऑगस्टमध्ये पातळी चार मीटर चढली की त्या दगडावर किती पाणी आहे, ते साध्या वजाबाकीनं निघतं. खुणेभोवती धोक्याचं वर्तुळ आखून घंटा लावता येते. ती शंभर मीटरची ठेवावी, शून्याची नको.

या सगळ्याची मर्यादा 21 मे 2024च्या संध्याकाळी उजनीनंच दाखवली. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात सापडून उलटली. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलंही होती. एक जण पोहून काठाला लागला. शोधासाठी एनडीआरएफचं पथक आणावं लागलं. कुठलाही जीपीएस होडी उलटण्यापासून वाचवत नाही. ते काम लाइफ जॅकेटचं, होडीत किती माणसं घ्यायची या शिस्तीचं आणि वळवाचं आभाळ पाहून न निघण्याच्या शहाणपणाचं. पण होडीचं ठिकाण दर मिनिटाला काठावरच्या कुणाच्या तरी फोनवर जात असेल, तर शोध कुठून सुरू करायचा हे ठरवायला अंदाज लागत नाही. दहा-बारा हजार रुपयांच्या मोबाइलमध्येही ही सोय असते. ती निघण्यापूर्वी चालू करायची असते, एवढंच. आणि जवळपास प्रत्येक संचावर ‘एमओबी’ नावाचं एक बटण असतं. माणूस पाण्यात पडला की आधी ते दाबायचं, मग आरडाओरडा. त्या क्षणाचं ठिकाण पेटी पकडून ठेवते. होडीतल्या प्रत्येकाला, खलाशाच्या पोरालासुद्धा, हे बटण कुठे आहे ते ठाऊक असावं.

संच लागला की काठावरून एखाद्या दोस्ताला फोन करून स्वतःचं ठिकाण वाचून दाखवावं आणि तो ते नकाशावर बरोबर शोधतो का, ते पाहावं. संकटात समुद्रावर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554, धरणावर 112. बोलताना अक्षांश आधी, मग रेखांश, आणि आकडे अंश-मिनिटांचे आहेत की दशांशाचे, हेही त्याच दमात सांगावं.